तू वाजवलेल्या टाळ्या

नलू,

हेडसरांनी शाळेच्या अंकात तुझ्यासाठी दोन पानं राखून ठेवली आहेत. एकावर तुझा फोटो, भेडाघाटच्या सहलीतला. त्यातून आम्हा बाकीच्यांना कापून टाकणार आहेत. दुसऱ्या पानावर मी लिहायचं. "सुमनबाई, तुमच्या जवळच्या होत्या त्या. चांगलं चांगलं लिहा. कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, विद्यार्थिप्रिय, असं येऊ द्या." मी मान हलवली. घरी येऊन ते शब्द एकाखाली एक लिहिले आणि बघत बसले. कर्तव्यदक्ष तू होतीस, समोरच्याला भीती वाटावी इतकी. मनमिळाऊ तू एक दिवसही नव्हतीस. आणि विद्यार्थिप्रिय म्हटलं की मला एकच विद्यार्थिनी डोळ्यांसमोर येते. तिच्याबद्दल मला जे लिहायचं आहे ते शाळेच्या अंकात छापलं जाणार नाही. त्यांना हवं ते पान मी त्यांना देईन. हे तुला.

तू गेलीस ते पुन्हा लढाईच्या दिवसांत. पासष्ट साली खिडक्यांना लावलेले काळे कागद लोकांनी माळ्यावरून काढून परत लावले होते. पुन्हा भोंगे, पुन्हा दारूगोळ्याच्या फॅक्टरीत दिवसरात्र काम. तुझे भाऊ नागपूरहून वेळेत पोचतील की नाही याचीच काळजी होती, कारण आधी सैन्याच्या गाड्या सोडतात. पोचले बिचारे. अंधार पडायच्या आत ग्वारीघाटचं स्मशान गाठायचं म्हणून तुला घाईघाईने उचललं, आणि नेमकी तेव्हाच शिफ्ट सुटली. सायकलींचा तो लोंढा समोरून आला. तू असतीस तर म्हणाली असतीस, "अरे भैया, जरा देखके!" पण लोक आपणहून खाली उतरले. सायकली धरून रस्त्याच्या कडेला उभे राहिले, डोक्यावरच्या टोप्या काढून. त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या पोरी तू शिकवलेल्या.

सगळे रडत होते. मी रडले नाही. लोकांना वाटलं, धक्का बसला आहे. धक्का कसला? मला राग आला होता. आपलं भांडण अर्धं टाकून तू उठून गेलीस.

दवाखान्यात तू मला विचारलंस ते आठवतं? डॉक्टरांनी बोलायला बंदी केली होती. हृदयाची ती झडप, जिच्यावर तू आयुष्यभर सगळ्या गोष्टींचं खापर फोडलंस, जिना चढायचा नाही म्हणून, पोरांवर ओरडून दमायला होतं म्हणून, ती खरंच निकामी झाली होती. तरी तू बोललीस. "सुमे, तू अजून चिडून राहिली का माझ्यावर?"

मी म्हटलं, "हो."

"असू दे," म्हणालीस, आणि संत्र्याची फोड मागितलीस. तेवढंच. माणूस मरायला टेकलंय आणि खोटं 'नाही' म्हणता येत नाही, अशी मी. आणि खोटं 'नाही' ऐकून घेणार नाही, अशी तू. म्हणून तर जमलं आपलं.

जमलं कसं तेही मला लिहायचं आहे, नाहीतर या पत्रात नुसतंच विष उतरेल. मी अमरावतीहून लग्न होऊन आले तेव्हा मला इथलं काही समजत नव्हतं. ह्यांची रेल्वेची नोकरी, दिवसभर घर ओस. इथल्या गोरखपूर मोहल्ल्याच्या बाजारात मी बटाटे मागितले तर भाजीवाला माझ्याकडे बघत राहिला. मागून तुझा आवाज आला, "आलू दे दो इनको, अच्छेवाले, सडे हुए मत डालना." मग माझ्याकडे वळून, "काहून वं, नवीन दिसून राहिली?" त्या दिवशी तू माझी पिशवी उचलून घरापर्यंत आलीस, चहा प्यायलीस, माझी पुस्तकं पाहिलीस. पुढच्याच आठवड्यात मला हेडसरांसमोर नेऊन उभं केलंस. "हिला ठेवून घ्या, सर. हिचा ळ स्वच्छ आहे." आपल्या शाळेतली पोरं 'डोळे'चे 'डोले' करतात आणि 'बाळ'चं 'बाल', हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. एका ळवर नोकरी मिळालेली मी गावातली एकटीच बाई असेन. मला इथे कुणी माणूस केलं असेल तर ते तू. हे मी विसरलेली नाही. विसरता आलं असतं तर राग सोपा झाला असता.

पासष्टच्या लढाईनंतरची ती लेखनस्पर्धा. हेडसरांना विषय हवा होता 'देशरक्षण आणि विद्यार्थी'. तू म्हणालीस, "सर, त्याच्यावर पोरं वर्तमानपत्रच लिहून आणतील." विषय तू दिलास: 'लढाई आणि आमचं घर'. नलू, विषय तुझा होता. हे मी तुला तेव्हाही म्हटलं होतं आणि आताही म्हणते. घरचं लिहा असं तूच पोरांना सांगितलंस.

परीक्षक आपण दोघी. तुझ्या ओसरीवर दुपारचं ऊन यायचं. मझौलीकडचा मटार नुकताच सुरू झाला होता. तुझी आई टोपलीभर शेंगा पुढ्यात ठेवायची. आपण सोलत सोलत वाचायचो. एकीने मोठ्याने वाचायचं, दुसरीने सोलायचं. किती हसलो आपण! एका पोराने लिहिलं होतं, 'मी रोज पहाटे उठतो, दात घासतो आणि देशसेवा करतो.' आणि ती गोड मुलगी, जिने लिहिलं, 'माझ्या आईबाबांनी मला लहानपणापासून खूप शिक्षा दिली, म्हणून मी त्यांची ऋणी आहे.' तू हसता हसता दाणे सांडलेस. "हिंदीतली शिक्षा गं! शिकवलं म्हणायचंय बिचारीला!" मग एकदम गंभीर झालीस आणि तिला भाषेत एक गुण वाढवून दिलास. "तिचं चूक नाही. दोन भाषांच्या मधे राहते ती. आपण सगळेच राहतो."

तुझा नियम एकच होता. नाव बघायचं नाही, ते मागच्या बाजूला दुमडून ठेवायचं. आणि लेख पोराचा आहे की पोराच्या बापाने लिहून दिलाय, हे आधी ओळखायचं. ते तू वासावरून ओळखायचीस. 'मातृभूमीच्या वेदीवर' असं दिसलं की तू कागद बाजूला काढायचीस. "हे घरच्या मोठ्यांचं. बाद." एक लेख मला आवडला होता, फार छान भाषा. तू तोही बाद केलास. मी वाद घातला तेव्हा म्हणालीस, "सुमे, पोराच्या नावावर मोठ्याने लिहायचं म्हणजे पोराला सांगायचं, तुझं स्वतःचं सांगण्यासारखं नाही. याच्यापेक्षा वाईट शिक्षा नाही. मराठीतली."

हे तुझे शब्द. मी त्यांवरून तुला पुढे किती टोचलं, ते तुला माहीत आहे.

आणि मग तो लेख आला. मी वाचत होते. पहिली ओळ, 'माझ्या बाबांचे हात पिवळे आहेत.' तू शेंग सोलायची थांबलीस.

त्या मुलीचे वडील फॅक्टरीत बॉम्बगोळ्यांत दारू भरायच्या कामाला होते. त्या भुकटीने हात पिवळे होतात, केस तांबूस होतात, हे गावात सगळ्यांना माहीत आणि कुणीच बोलत नाही. तिने लिहिलं होतं की बाबा पोळी तोडतात तेव्हा पोळीला हळद लागल्यासारखी दिसते. आई म्हणते, हळद शुभ असते. तिने लिहिलं होतं की आई त्यांचे कपडे वेगळे धुते आणि उशीचा अभ्रा कितीही घासला तरी मधोमध पिवळाच राहतो. लढाई लागल्यापासून बाबा घरी फक्त झोपायला येतात. लहान भावाला ते उचलून घेत नाहीत, लांबूनच तोंड वेडंवाकडं करून त्याला हसवतात. तोंडात सारखं कडू कडू होतं म्हणून जेवत नाहीत. शेवटी तिने लिहिलं होतं, 'लढाई सरहद्दीवर आहे असं रेडिओवर सांगतात. आमच्या घरी ती बाबांच्या हाताला लागून येते.'

 आतून तुझ्या आईने विचारलं, "झाले का गं दाणे?"  तू कागद माझ्या हातातून घेतलास, स्वतः पुन्हा वाचलास आणि मग नियमाप्रमाणे मागची घडी उघडलीस. सुशीला वानखेडे, दहावी. मागच्या बाकावर बसणारी, वेणीला काळी रिबीन लावणारी, कधी हात वर न करणारी मुलगी.

"हा कुणी लिहून दिलेला नाही," तू म्हणालीस. "पहिला नंबर." मी काही बोलायच्या आत तू गुण मांडलेसुद्धा. त्या दुपारी तू मला जितकी आवडलीस तितकी आधी कधी नव्हतीस. नंतरही नाही.

पुढचं मी पटापट सांगते. बक्षीस समारंभाला फॅक्टरीतले कामगार कल्याणाचे साहेब पाहुणे म्हणून येणार होते. पहिल्या नंबरचा लेख ज्यात छापायचा तो शाळेचा अंक आधी त्यांच्या नजरेखालून जायचा. हेडसर लेख हातात घेऊन शिक्षकांच्या खोलीत आले. "हे छापता येणार नाही. आत काय काम चालतं ते बाहेर लिहायचं नसतं. मुलीचा बाप अडचणीत येईल."

मी म्हटलं, "मग नंबर तसाच ठेवा आणि लेखाची जागा कोरी सोडा."

"कोरी जागा आणखी वाईट दिसते," हेडसर म्हणाले. मी तुझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता तू बोलशील. हेडसरांना चार माणसांत गप्प करणारी तू एकटीच होतीस शाळेत. तू खाली बघून वह्या तपासत राहिलीस.

दोन-तीन दिवसांनी तू मला व्हरांड्यात गाठलंस. "तिचा बाप आला होता घरी. हात जोडून उभा होता. म्हणे, लेख बदलून द्या."

"मग? तू काय म्हणालीस?"

"मी बदलून देते म्हणाले."

"म्हणजे तू लिहिणार? तिच्या नावावर?"

"सुमे, काहून ओरडून राहिली? पोरीचं बक्षीस तर राहील. नाव तर छापून येईल."

मी विचारलं, वानखेडे नेमकं काय म्हणाला? कशाची भीती आहे त्याला? कुणी दम दिला का? तू म्हणालीस, "त्याने मला सांगितलं, तुला नाही," एवढंच. आणि मला वाटलं, बाप वगैरे कुणी आलेला नाही. हेडसरांनी तुला वळवलं आहे आणि तू मला गोष्ट रचून सांगते आहेस. तसं मी तुझ्या तोंडावर बोलले. तू चिडली नाहीस. चिडली असतीस तर बरं झालं असतं.

अंक गोहलपूरच्या छापखान्यात छापायला होता. तिथे सगळी हिंदीची कामं, त्यामुळे ळ अक्षराचे शिशाचे खिळे मोजकेच, ते संपले की पुढे नुसता ल. प्रुफं बघायला दर वर्षीप्रमाणे मी गेले. रिक्षातून उतरले, छापखान्यातल्या भैयाने ओला कागद हातात दिला. वर सुशीलेचं नाव, आणि खाली पहिलं वाक्य, 'माझे बाबा रोज सकाळी ताठ मानेने फॅक्टरीत जातात.' मी पुढे वाचलं नाही. कागद तसाच परत दिला. परीक्षकांच्या निकालावर मी सही केली नाही, हेडसरांनी माझं नाव गाळून टाकलं, आणि अंकाच्या कामातून मला कायमचं मोकळं केलं. त्या अंकात परीक्षक म्हणून तुझं एकटीचंच नाव आहे.

आणि मग समारंभ. जानेवारीतली ऊबदार दुपार, मैदानावर मांडव. लढाई थांबली होती, फॅक्टरी थांबली नव्हती. तरी बरेच बाप आले होते, कामाच्या कपड्यांतच. वानखेडे तिसऱ्या रांगेत कडेला बसला होता, दोन्ही हात काखेत घालून. व्यासपीठावर साहेब, हेडसर आणि तू. मी खाली मुलींच्या ओळीजवळ.

सुशीलेला बक्षीस दिलं. साहेब कौतुकाने म्हणाले, "बेटी, अपना लेख पढकर सुनाओ." हेडसरांनी अंक उघडून तिच्या हातात दिला. तिने तो तोवर पाहिलाच नव्हता, नलू. तुम्ही कुणी तिला सांगितलंसुद्धा नव्हतं. तिने वाचायला सुरुवात केली. "माझे बाबा रोज सकाळी ताठ मानेने..." आणि थांबली. पान उलटून बघितलं, नाव बघितलं. परत पहिल्या ओळीवर आली. मांडवात कुणीतरी खोकलं. साहेब हसून म्हणाले, "बच्ची घबरा गयी है."

मग तिने अंक मिटला. तो छातीशी धरला आणि समोर बघून म्हणाली, "हे मी नाही लिहिलं. मी लिहिलं होतं की माझ्या बाबांचे हात पिव..."

तेवढंच ऐकू आलं. कारण तू उठून उभी राहिलीस आणि टाळ्या वाजवायला लागलीस.

तुझे ते मोठे हात, वर्ग गप्प करणारे. आधी तू एकटी, मग हेडसर, मग साहेब, मग सगळा मांडव. पोरांना टाळ्या वाजवायला काय, कारण लागत नाही. सुशीलेचे ओठ हलत होते. मी सगळ्यांत जवळ होते, मलाही एक शब्द ऐकू आला नाही. ती बोलत राहिली, तू वाजवत राहिलीस. मग तिचे ओठ थांबले. तिने साहेबांना नमस्कार केला आणि खाली उतरली. तू मगच बसलीस.

त्यावरून आपण सहा वर्षं भांडलो. तुझं म्हणणं एकच. "वानखेड्याला काही झालं का? नाही ना? मी टाळ्या वाजवल्या म्हणून." माझंही एकच. "काही होणारच नव्हतं. तुम्ही सगळे आपल्याच भीतीला भ्यालात." याचा निकाल लागणार कसा? जे घडलं नाही ते का घडलं नाही, हे कोण सांगणार? तरी आपण डबे उघडून समोरासमोर बसायचो, तू माझ्या डब्यातली लसणाची चटणी न विचारता घ्यायचीस, आणि पुन्हा तेच. कधी कधी महिनोन् महिने विषय निघायचा नाही. मग पोरांचे लेख गोळा व्हायचे दिवस आले की मी अंग चोरून बसायची आणि तू एकटीच गठ्ठा घेऊन घरी जायचीस. मटार एकटीच सोलत असशील. मला वाईट वाटायचं. तरी आले नाही.

सुशीलेने पुन्हा लेख दिला नाही. अकरावी कशीबशी पास झाली. वानखेडे यकृताच्या दुखण्याने अंथरुणाला लागला आणि गेला. त्याच्या जागी घरातल्या कुणाला घेतात, म्हणून तूच खेटे घालून तिला फॅक्टरीत लावून दिलंस. त्याच कामावर, नलू. मी म्हटलं, "शिक्षिकेच्या ट्रेनिंगला घाल तिला, मी बघते काय ते." तू म्हणालीस, "ट्रेनिंग होईतो तिची आई आणि भाऊ काय खातील?"  तुझं हे नेहमीचंच. तू अशा जागी उभी राहायचीस की समोरच्याला बरोबर असूनही तोंड उघडता येऊ नये.

तुझ्या तेराव्याला सुशीला आली. शिफ्ट संपवून तडक आली होती. आपल्या बायका आत पंगतीच्या गडबडीत, ती ओसरीच्या पायरीवर उभी. "बाई, आत येऊ का जी? कपडे कामाचेच आहेत." मी बाहेर जाऊन तिच्याजवळ पायरीवरच बसले. तिचे हात मी बघितले, तिने बघू दिले. 

ती तुझ्यासाठी रडत होती. मला ते सहन होईना. मी विचारलंच. "सुशीला, तुला राग नाही आला कधी? बाईंनी तुझा लेख..."

"आला ना, बाई. लई आला होता. वर्षभर मी बाईंशी बोलली नाही." मग पदराने नाक पुसून म्हणाली, "पण बाबाच गेले होते बाईंकडे. मला नंतर आईने सांगितलं."

मी तिच्याकडे वळून बसले.

"मीच लेख वाचून दाखवला होता बाबांना, कच्च्या वहीतला. द्यायच्या आधी नाही, नंबर आल्यावर. त्यांना फार वाचता येत नव्हतं. मला वाटलं, खूश होतील. त्यांनी पूर्ण ऐकला. मग म्हणाले, 'मी असा दिसतो का गं तुला?' बस, एवढंच म्हणाले. त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी बाईंकडे गेले."

म्हणजे साहेबाची भीती नव्हती. नोकरीची नव्हती. निदान वानखेड्याला तरी नव्हती. एका बापाला आपल्या मुलीच्या डोळ्यांत आपण कसे दिसतो ते ऐकवेना, आणि त्याने तुझ्या दारात येऊन तेवढं पुसून टाकायला सांगितलं. आणि तू ते मला सांगितलं नाहीस. मी तुला भित्री म्हटलं, हेडसरांची मिंधी म्हटलं, रचून सांगतेस म्हटलं, आणि तू चटणी खात ऐकून घेतलंस. काहून, नलू? एक वाक्य तर होतं. मी ते सुशीलेपर्यंत जाऊ दिलं नसतं. एवढाही भरवसा नव्हता तुझा माझ्यावर? हा माझा नवा राग. जुना फिटला नाही तोच हा.

"मग अंक आल्यावर बाबांनी बाईंचा लेख फ्रेममध्ये लावला," सुशीला सांगत होती. "आजारी होते तेव्हा रोज म्हणायचे, वाच. मी वाचायची. माझं नाव होतं ना त्याच्यावर, त्यांना वाटायचं मीच लिहिला. की माहीत होतं, कोण जाणे. रडायचे ऐकताना." मग तिने मला विचारलं, "बाई, त्याच्यात लिहिलंय की बाबा कुणाच्याही दारात आधी थांबतात, हात पाठीमागे घेतात आणि मग हसतात. ते अगदी तसेच करायचे. माझ्या लेखात ते नव्हतं. मला लिहायला सुचलंच नव्हतं. नलूबाईंना कसं कळलं असेल हो?"

मी म्हटलं, "बघितलं असेल." ती जेवली नाही. घरी जाऊन अंघोळ करूनच जेवते म्हणाली. जाताना तुझ्या आईच्या पाया लांबूनच पडली.

मी घरी आले आणि तो अंक काढला. सहा वर्षं कपाटात होता, त्या एका ओळीपुढे मी गेले नव्हते. आता गेले.

नलू, तू मला नेहमी म्हणायचीस, "मी वाचणारी बाई आहे, लिहिणारी नाही." कुणी कविता कर म्हटलं की हात झटकायचीस. शाळेच्या इतक्या अंकांत तुझ्या नावावर एक ओळ नाही. तुझं छापलेलं लेखन म्हणजे हे एवढंच, आणि तेही एका मुलीच्या नावाखाली. मला वाटलं होतं, त्यात झेंडे असतील, वेदी असेल, तू बाद करायचीस ते सगळं असेल. काही नाही. एक थकलेला माणूस आहे. तो दारात थांबतो, हात मागे घेतो, हसतो. सायकल भिंतीला टेकवताना तिला थोपटतो. फॅक्टरीत आपण काय करतो ते मुलांना सांगत नाही, कारण सांगितलं तर ती झोपणार नाहीत. मूल आपल्याकडे बघतंय हे कळलं की मान ताठ करतो. एका दुपारी दारात हात जोडून उभ्या राहिलेल्या माणसाकडे तू इतकं बघून घेतलंस?

चांगला आहे लेख. इतका चांगला की मला तुझी कीव येते, आणि राग तर त्याहून जास्त येतो. अशी लिहिणारी बाई आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने दुरुस्त करत बसली आणि जेव्हा लिहिलं तेव्हा एका पोरीचं तोंड बंद करून लिहिलं. दोन्ही लेख छापता आले असते. तू तुझ्या नावाने लिहायचं होतंस, तिने तिच्या. वानखेड्याने दोन्ही ऐकले असते. एक ऐकून दुखावलाच होता, एक ऐकून रडला असता. बापाला मुलीचं खरं झेपलं नसतं हे तू ठरवलंस, आणि मला तुझं खरं झेपलं नसतं हेही तूच ठरवलंस.

आता तुझ्या गैरहजेरीत मी एकटी परीक्षक आहे, म्हणून निकाल मी देते. भाषा, मांडणी, निरीक्षण, सगळ्यात तुझे गुण जास्त भरतात. तरी पहिला नंबर सुशीला वानखेडे हिचाच. विषय तिच्या घराचा होता. तुझा दुसरा.

मान्य नसेल तर ये भांडायला.

सुमन